मागचा दांडा

घाटाला रस्ता नव्हता आणि आजारी माणसाला डोलीत घालून खाली न्यावं लागायचं, त्या काळातली ही गोष्ट. ऐकायची तर नीट बसून ऐका. ज्यांना गावाबद्दल गोडगोडच ऐकायचं असेल त्यांनी खुशाल दुसऱ्याच्या ओसरीवर जावं, तिथं खोबरंही वाटतात.

फार वर्षांपूर्वी आपल्या सडेवाडीचा गेनू शेलार लढाईवर गेला. पार समुद्रापल्याड, बसऱ्याला. तिथं त्याच्या मांडीत गोळी शिरली आणि तो चिखलात पडून राहिला. पलटणीतल्या दोघा सोबत्यांनी त्याला कांबळ्यात घालून उचललं, तंबूपर्यंत पोचवलं आणि ते पुन्हा दुसऱ्या कुणाला आणायला गेले. ते काही परत आले नाहीत. गेनू मात्र जगला आणि लंगडत गावी आला, जमादार होऊन. सामान काय, तर एक वळकटी आणि एक पितळी बिगूल. आल्या आल्या देवळात गेला आणि म्हणाला, "आई जानाई, खांदा मिळाला नाही म्हणून या गावात कुणी मरणार नाही."

आणि पाळलं हो त्यानं! वेळूचा लांब दांडा आणि त्याला बांधलेली घोंगडी, अशी डोली त्याच्या पडवीत कायम टांगलेली असायची. कुणाला पान लागलं म्हणजे साप चावला, कुणी झाडावरून पडलं, की जमादाराचा बिगूल वाजायचा. तो ऐकला की माणसं हातातलं काम टाकून धावत यायची. कुणी पुढचा दांडा खांद्यावर घ्यायचं, कुणी मागचा, आणि डोली घाट उतरून खालच्या दवाखान्यात. जमादार दर वेळी सोबत. त्यानं लग्न केलं नाही, शेत दुसऱ्याला कसायला दिलं. त्याचा बिगूल वाजला की दारात आलेला यमसुद्धा मागं फिरायचा, असं म्हणतात.

गाव त्याला काय द्यायचं? नमस्कार. नमस्काराला काय लागतं हो!

जमादार म्हातारा झाला. चैत्रातली जत्रा आली. आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. देवीची पालखी एकदा उचलली की देवळात परत येईपर्यंत भुईला टेकवायची नाही. ज्याचा खांदा लागला त्याचं वर्ष चांगलं जातं, म्हणून खांद्यासाठी ही झोंबाझोंबी. त्या दुपारी पालखी गावातून फिरत होती आणि वरच्या धनगरवाड्यातली ठकूबाई रडत जमादाराच्या दारात आली. तिची सून भागा बाळंतपणात अडली होती. मुलगा म्हशी घेऊन लांब गेलेला. म्हातारीला दुसरं कुणी नव्हतं.

जमादारानं बिगूल फुंकला. पालखी हाकेच्या अंतरावर होती. गुलालात आणि ढोलात कुणाला ऐकूच आला नाही, असं आपली माणसं सांगतात. खोटं आहे ते! सगळ्यांनी ऐकला. ढोल थांबला होता.

"अरे, जा की कुणीतरी," पाटील म्हणाला.

"तुम्ही सोडा की दांडा, मग मीही सोडतो."

"माझा नवस आहे बाबा. तू जा."

"मी सोडला तर माझी जागा जाईल."

मागून कुणीतरी बोललं, "धनगरवाड्यातलं दिसतंय. त्यांची माणसं येतील." झालं. ढोल पुन्हा सुरू झाला.

जमादार फुंकत राहिला. ओठ फुटून बिगुलातून रक्त गळायला लागलं, असं म्हणतात. मग त्यानं डोली खांद्यावर टाकली, धनगरवाड्यावर चढला आणि भागाला घोंगडीत निजवलं. म्हणाला, "ठकूबाई, मागचा दांडा धर. देवी आज कामात आहे."

लंगडा म्हातारा पुढं आणि म्हातारी मागं. घाटातल्या उंबराच्या वळणापर्यंत ठकूबाई कशीबशी आली. तिथं तिचे गुडघे गेले आणि दांडा हातातून सुटला. पण डोली पडली नाही! मागचा दांडा अधांतरी राहिला, कुणीतरी खांद्यावर घेतल्यासारखा वर उचलला गेला आणि चालायला लागला. आतून भागानं कण्हत विचारलं, "बाबा, मागं कोण आहे?"

जमादारानं वळून पाहिलं नाही. म्हणाला, "आपलीच माणसं आहेत पोरी. घाबरू नको."

घाटाखालच्या बायकांनी डोलीमागं दोन शिपाई पाहिले. भर चैत्रात, कोरड्या ठणठणीत घाटात, त्यांच्या अंगावर ओला चिखल होता, असं म्हणतात.

भागा वाचली, तिला मुलगी झाली. जमादार दवाखान्याच्या पायरीवर बसला तो बसलाच.

मग आलं गाव! पालखी देवळात ठेवून, कपाळाचा गुलालही न पुसता सगळे घाट उतरून आले. जमादाराच्या तिरडीला खांदा द्यायला ही झुंबड उडाली. पाटील तर ढसाढसा रडत होता. मागाहून खाली पोचलेली ठकूबाई दवाखान्याच्या भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "आता गावला व्हय रं खांदा?"

माणसांनी तिरडी उचलली आणि चालायला लागली.

आता घाटाला डांबरी रस्ता आहे. फोन केला की गाडी दारात येते. तरी दर चैत्रात जमादाराची रिकामी डोली घाट उतरते आणि ती खाली पोचल्याचा निरोप आल्याशिवाय देवीची पालखी कुणी उचलत नाही. डोलीला खांदा द्यायला पोरं भांडतात, फोटो काढून घेतात. भांडतील नाहीतर काय! रिकामी डोली, वजन ते काय असणार?

पण उंबराच्या वळणावर मागचा दांडा एकदम जड होतो, असं म्हणतात. धरणाऱ्याचा खांदा सोलून निघतो, पाऊल उचलत नाही. मग तो ओरडतो, "अरे, मागं या की कुणीतरी!"

आणि सगळे एकमेकांकडं बघतात.