दुदारीची हाक

वेळशेतच्या बांधावर पाहुणे आले की आधी पाणी बघूनच चक्रावतात. एका अंगाला खाडी, खारी, भरती-ओहोटीची. दुसऱ्या अंगाला गोड्या पाण्याचं तळं, खाडीहून चांगलं दोन पुरुष उंच. या दोन पाण्यांच्या मध्ये काळ्या दगडात बांधलेला लांबट हौद आहे. खाली एक दार, वर एक दार, म्हणून त्याला दुदारी म्हणतात. होडी खालून आत येते, खालचं दार मिटतं, वरचं दार जरा उचललं की तळ्याचं पाणी हौदात उतरतं आणि माणसांसकट होडी वर चढत जाते. ते बघायला मुंबईपुण्याची माणसं येतात. हौद भरेपर्यंत तास जातो, आणि तेवढ्यात होडी चालवणारे नानू तांडेल त्यांना बायजीची गोष्ट सांगतात.

किती पिढ्यांपूर्वीची ते कुणालाच नक्की ठाऊक नाही. तेव्हा दुदारी राखायला नवराबायको होती म्हणे. म्हादू खालच्या दाराशी, बायजी वरच्या. खालचं दार सागवानी, दोन फळ्यांचं, आतून आडवा अडसर. वरचं दार जाड फळ्यांचं, रहाट फिरवून दोराने उचलायचं. काम एवढंच, पण त्यात चुकीला जागा नव्हती. खालचं दार उघडं असताना वरचं उचललं, तर सगळं तळं हौदातून खाडीकडे धावणार, आणि मधल्या होडीचा चुरा होणार.

वरून खालचं दार नीट दिसत नसे. म्हणून म्हादू फळ्या मिटायचा, अडसर टाकायचा आणि हाक द्यायचा, "मिटलं गो!" ती ऐकली की बायजी रहाटाला हात घालायची. वीस वर्षं तिने त्या हाकेवर विश्वास ठेवला होता. हाकेआधी अडसराचा दणका ऐकू यायचा, आणि तिच्याकडून उशीर झाला तर पुढची हाक कधी यायची नाही, शिवी यायची.

माघातली सकाळ होती. उजाडलं होतं, पण धुकं असं दाटलं होतं की बायजीला आपल्याच हातातला दोर दिसत नव्हता. त्या दिवशी तिची लेक शेवंती तीन महिन्यांचं बाळ घेऊन खाडीकडून होडीने सासरी, तळ्याकाठच्या वरच्या गावी, निघाली होती. सोबत वरच्या गावच्या बाया होत्या, मिळून अकरा माणसं. होडी अर्जुन खलाशाची. ती हौदात शिरल्याचं वल्ह्यांच्या आवाजावरून बायजीला कळलं.

मग हाक आली. "मिटलं गो!"

बायजीने रहाट धरला आणि तिचा हात थबकला. दणका ऐकू आला नव्हता. तिने मनाची समजूत घातली, धुक्यात आवाज दबला असेल. तेवढ्यात पुन्हा, "मिटलं गो!" तोच सूर, तेवढाच लांबवलेला, जणू पहिलीच हाक परत आली. शिवी नाही, खोकला नाही.

"अहो, अडसर टाकलात का?" ती ओरडली.

"मिटलं गो!"

खालून, धुक्यातून, शेवंतीचा आवाज आला, "आई, बाबा कवाचे सांगतायत ना! उघड गो, पोर गारठलंय माझं."

म्हणजे हाक लेकीलाही ऐकू येत होती. भास नव्हता. आवाज म्हादूचाच होता, त्यात बायजीला तिळभर शंका नव्हती. आणि त्याचीच तिला भीती वाटली.

तिने दोर खुंटीला बांधला आणि हौदाच्या भिंतीवरून खाली चालू लागली. भिंत जेमतेम दोन पावलं रुंद, शेवाळलेली. एका बाजूला हौद, दुसऱ्या बाजूला बांधाचा कडा. ती भिंतीला हात लावत, अर्धी बसून, अर्धी रांगत गेली. वाटेत पुन्हा हाक आली, पण आता ती खालच्या दाराकडून आली नाही. तिच्या पायाखालच्या पाण्यातून आली. ती दहा पावलं पुढे गेली, तर हाकही दहा पावलं पुढे आली. बायजीने तोंडात पदर कोंबला, नाहीतर ती किंचाळली असती.

खालचं दार एका फळीने उघडंच होतं. अडसर कोरडा, भिंतीला टेकलेला. आणि दुसऱ्या, मिटलेल्या फळीच्या कडेला, छातीपर्यंत पाण्यात, म्हादू अडकला होता. तिने वाकून त्याचं मनगट धरलं. ते लाकडासारखं ताठ होतं. पहाटे दार उघडताना पाय घसरला असणार. होडी आत आली त्याच्या कितीतरी आधीच तो गेला होता. अर्जुन पुढे सांगे, "दार उघडंच मिळालं, म्हादूदादा धुक्यात असेल म्हटलं."

ती मनगट धरून बसली होती तेव्हा हाक तिच्या पाठीमागून आली. वरच्या दाराकडून, ती स्वतः जिथून निघाली होती तिथून.

"मिटलं गो!"

पाठोपाठ रहाट करकरला. कंटाळलेला अर्जुन होडीतून भिंतीवर चढला होता. बायजी तिथेच धुक्यात असेल, तिचा हात चालत नसेल, असं समजून त्याने खुंटीचा दोर सोडून रहाट फिरवला होता.

"थांब रे! उघडू नको!" बायजी जीव खाऊन ओरडली. धुक्याने ते गिळलं. वरून पाण्याचा पांढरा लोट हौदात कोसळला. होडी गरकन फिरली, बाया किंचाळल्या, आणि त्या किंचाळ्यांत बाळाचं रडणं तिला वेगळं ओळखू आलं. पाण्याच्या रेट्याने उघडी फळी आपोआप मिटू लागली, पण मधे अडली. मधे म्हादू होता.

त्याला वर ओढून घ्यायची ताकद तिच्यात नव्हती, आणि वेळही नव्हता. बायजी पाण्यात उतरली. दोन्ही हात नवऱ्याच्या छातीला लावले. "माफ करा," एवढंच म्हणाली आणि त्याला बाहेर, ओहोटीच्या खाडीत, ढकलून दिलं. फळी धाडकन मिटली. तिने अडसर टाकला. त्याचा दणका वरच्या गावापर्यंत गेला, असं सांगतात.

होडी भिंतीवर आपटली, एक वल्हं मोडलं, पण ती तरली. हौद भरत गेला आणि अकराच्या अकरा माणसं वर पोचली. शेवंतीने भिंतीवर भिजून बसलेल्या आईला विचारलं, "बाबा कुठायत?" बायजीने खाडीकडे बोट केलं.

म्हादूचं प्रेत कधीच सापडलं नाही. कुणी म्हणालं, त्या हौदातल्या पाण्याने त्याची हाक उचलली होती आणि त्या पाण्याला अकरा जीव हवे होते. कुणी म्हणालं, बिचारा म्हादूच तो, मेल्यावरही आपलं काम करत होता, दार मिटलं असंच त्याला वाटत होतं. बायजीला लोकांनी पुष्कळ विचारलं. ती एवढंच सांगायची, "आवाज त्यांचाच होता. पण दार उघडं होतं."

त्यानंतर पंचवीस वर्षं तिने वरचं दार राखलं, आणि एकदाही कानांवर भरवसा ठेवला नाही. प्रत्येक होडीला ती भिंतीवरून खाली चालत जायची, अडसरावर तळहात ठेवायची, परत यायची, मगच रहाट फिरवायची.

आजही दुदारीचं वरचं दार बाईच राखते, आणि दर होडीला तशीच चालत खाली जाऊन अडसराला हात लावते. खालचा माणूस मुकाट्याने दार लावतो, तोंडातून शब्द काढत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिथे कुणीच हाक दिलेली नाही. तरी माघातल्या धुक्यात हौदातून ती येते म्हणे. अशा वेळी होडीतल्या आया लेकरांचे कान झाकतात, कुणी कुणाला काही विचारत नाही, आणि भिंतीवरून चालणाऱ्या अनवाणी पावलांचा आवाज परत वर जाईपर्यंत सगळी माणसं श्वास रोखून बसतात.