चरख्याला बांधलेला पाय

फार पूर्वीची गोष्ट. एका गावात एक विणकर होता. हात कसबी, पण डोकं तापट. त्याला एकुलती एक लेक, सगुणी. आणि पोर कशी? पायाला भिंगरी! एका जागी बसेल तर शपथ.

त्या गावच्या विणकरांची एक रीत होती. मोठ्यांनी अंगणात खुंट्या ठोकून ताण्याचे, म्हणजे कापडाचे उभे, लांब धागे लावायचे, त्यासाठी दिवसभर येरझारा घालायच्या. लेकरांनी चरख्यापाशी बसून कांड्यांवर सूत भरायचं. सगुणी गुणगुणत बसायची, पण घटकाभरात उठायची. सूत तुटायचं आणि बाप कडाडायचा, "अंगात किडे आहेत का गं तुझ्या? मुद्दाम करतेस!"

"मुद्दाम नाही हो बाबा. मी बसते, पण पायच ऐकत नाहीत."

"थांब, मी ऐकायला लावतो!" असं म्हणून त्याने तिचा पाय दोरीने चरख्याला बांधला. मग रोजच कामाच्या वेळी बांधू लागला.

शेजारी त्याची थोरली बहीण राहायची. ती कळवळली. "अरे, गुडघे दुखतात म्हणून तूच रोज कण्हतोस. हिला ताण्यावर घे की! चालता चालता शिकेल."

"मोठ्यांचं काम पोरीला? लोक हसतील. आणि मोकळी सोडली तर डोक्यावर मिऱ्या वाटेल."

सगुणी आधी खूप रडली. मग रडणं थांबलं. कांड्या नीट भरू लागल्या. "बघ, आली की नाही वठणीवर?" बाप मिशीत हसला. पोरीचं गुणगुणणंही थांबलं होतं, पण ते त्या बापाला कुठलं कळायला!

पुढे देवीच्या जत्रेचं लुगडं विणायला घेतलं आणि ऐन वेळी विणकराचे गुडघे धरले. ताणा अर्धाच राहिला. आता त्याला बहिणीचं बोलणं आठवलं. त्याने घाईघाईने दोरी सोडली. "ऊठ बाळ, धागा घे आणि पळ. हवी तेवढी पळ!"

सगुणीने पाय पोटाशी घेतला. "नको बाबा. मी शहाण्यासारखी बसते. रागावू नका."

विणकर ढसाढसा रडला. लुगडं शेवटी दुसऱ्या विणकराने पुरं केलं.

आत्या रोज तिचा हात धरून तिला अंगणात फिरवू लागली. सगुणी चालायची, पण प्रत्येक खुंटीपाशी थांबून विचारायची, "बाबा, पुढे जाऊ?"

"जा गं माझी बाय," तो म्हणायचा. हिने एकदा तरी न विचारता धावावं, एवढंच आता तो देवीपाशी मागत असे.

तात्पर्य काय, तर चुळबुळणारं लेकरू हट्टी नसतं. त्याला बांधण्याआधी त्याच्या पायांजोगं काम शोधावं. दोरी सोडली म्हणून भीती सुटत नाही.