आत्याची मोळी

फार जुनी गोष्ट. डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात एक सढळ हाताची रानमालकीण राहत होती. तिचं नाव द्वारका, पण नावानं हाक मारायची कुणाची छाती नव्हती. लहानथोर सगळे तिला अक्का म्हणत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा बंदरावर होड्या बांधायच्या कामात रमला होता. अक्का आणि तिची शिवणीची राई एवढाच संसार उरला होता, आणि तो तिला चांगला पुरत होता.

राई तिच्या सासऱ्यांनी लावलेली. सातशे-आठशे झाडं, सरळ खोडांची. शिवणीचं लाकूड हलकं आणि पिवळसर असतं. गावात कुणाकडे बाळ जन्मलं की पाळण्याच्या फळ्या अक्काच्या राईतून जायच्या, आणि कुणाकडे लग्न निघालं की जळणही तिथूनच जायचं. माझ्या राईतून कुणी रिकाम्या हातानं गेलं नाही, असं अक्का सगळ्यांना सांगायची. जरा जास्तच वेळा सांगायची, पण ते खरं असल्यामुळे लोक ऐकून घेत.

त्या मुलखात लग्नाची एक रीत होती. लग्नाला येणाऱ्या प्रत्येक घरानं जळणाची एक मोळी आणायची. लग्नघरच्या अंगणात लांब चर खणून चुलाण करत, आणि त्यात पहिली मोळी पडायची ती नवरीच्या आत्याची. आत्यानं ती स्वतःच्या डोक्यावरून आणायची. ती आल्याशिवाय आचारी चुलाणात विस्तव घालत नसे, मग पंगत कितीही खोळंबो.

अक्काच्या घरची सून आली तेव्हा बंदरावरचे व्याही अशीच एक मोळी घेऊन आले होते. दूरदेशीच्या जहाजातून उतरलेल्या खोक्यांच्या फळ्या होत्या त्या, लालसर आणि जाडजूड. अक्कानं चारचौघांत त्यांचं कौतुक केलं. एवढं देखणं लाकूड जाळायचं कसं, म्हणून ती मोळी तिनं राईच्या कडेला रचून ठेवली आणि विसरून गेली.

तिसऱ्या पावसाळ्यात, सगळं रान हिरवंगार असताना, राईच्या कडेची चार झाडं पिवळी पडली. दिवाळीपर्यंत ती वाळली आणि शेजारच्या आणखी दहा-बारा झाडांनी माना टाकल्या. राईत लाकूडतोडीचं काम करणारा धाकलू हा अक्काचा जुना माणूस. त्यानं एका खोडाची साल कोयत्यानं उचकटली. आतल्या लाकडात मोहरी जाईल एवढी भोकं होती, भोकाभोकातून पीठ सांडत होतं, आणि एका भोकात मुगाएवढा काळा भुंगेरा पाय पोटाशी घेऊन निवांत झोपला होता.

असला भुंगेरा त्या डोंगरात कुणी पाहिला नव्हता. कुठल्या पाखराला तो खायचा असतो हेही माहीत नव्हतं. अक्का वाळलेल्या झाडांमधून मागे मागे चालत गेली, तशी शेवटी त्या लाल फळ्यांच्या मोळीपाशी येऊन पोचली. फळ्या हातात घेतल्या तर बोटांत त्यांचा चुरा झाला. कीड कुठून आली हे तिला तिथेच कळलं, आणि आपणच तिला मानानं राईत आणून बसवलं हेही कळलं. तिला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटलं की कामाला लागायचं, हा तिचा स्वभाव होता.

धाकलू म्हणाला, "अक्का, हे थंडीत झोपलेत तवर ठीक. ऊन तापलं की उडतील. गेल्या उन्हाळ्यात उडताना बघितलेत मी. तवा वाटलं, असतील कसले तरी."

अक्कानं शिमग्याच्या आत कामाचा फडशा पाडायचं ठरवलं. वाळलेली झाडं तर तोडायचीच, शिवाय त्यांच्याभोवतीची दिसायला चांगली झाडंही तोडायची. त्यातली कित्येक कळ्यांनी भरली होती. धाकलूची कुऱ्हाड त्यांच्यापुढे अडखळली तेव्हा अक्कानं पहिला घाव स्वतः घातला. महिनाभरात साठ-सत्तर झाडं आडवी झाली आणि मोकळ्या जागी देवळाएवढा ढीग रचला गेला.

आता एवढं जळण बघून गाव स्वस्थ बसतंय होय. ज्याच्या त्याच्या घरी काहीतरी कार्य निघालं. अक्कानं मात्र सगळ्यांना एकच सांगितलं, की ह्यातली काडीसुद्धा हलणार नाही, सगळं इथेच जळणार. लोकांना ते पटलं नाही. तसंही जाळायचंच आहे तर आमच्या चुलीत जाळू, असं ते म्हणत. पण लाकूड आणल्या दिवशी कोण जाळतं? परसात रचून ठेवायचं, लागेल तसं काढायचं, ही सगळ्यांची सवय. म्हातारपणी अक्काचा हात आखडला, असं पाणवठ्यावर उघड बोललं जाऊ लागलं. ते कानावर आलं त्या दिवशी अक्का जेवली नाही. नाही म्हणायची तिला सवयच नव्हती. आठ दिवस ढीग जळत राहिला, आणि तेवढ्यात दुपारच्या वेळी तिची नजर चुकवून काहीजणांनी चार-चार लाकडं ओढून नेलीच.

वैशाखात लग्न निघालं ते अक्काच्या भाचीचं. खिंडीपलीकडच्या गावात अक्काचा धाकटा भाऊ दाजिबा राहत होता. त्याचीही राई होती, अक्काच्या राईहून दुप्पट. त्याच्या एकुलत्या एक मुलीचं, हौसाचं, लग्न. हौसाची आई लवकर गेली, तेव्हा चार वर्षं ती आत्याच्याच मांडीवर वाढली होती. तिच्या लग्नात पहिली मोळी न्यायची, हे अक्काच्या आयुष्यातलं राहिलेलं एकच मोठं काम होतं.

मोळी कुठली न्यायची याचा अक्कानं फार विचार केला नाही. किडकं लाकूड जळून गेलं होतं. घराच्या पडवीत गेल्या वर्षीचं जळण रचलेलं होतं, कोरडं खडखडीत, वरून कुठेही भोक नाही. माझ्या पडवीतलं लाकूड म्हणजे सोनं, असं म्हणत तिनं निवडून निवडून मोळी बांधली, हळदकुंकू लावलं, आणि पहाटे चुंबळ ठेवून ती डोक्यावर घेतली. मागून धाकलू लाडवांची टोपली आणि पाण्याची कळशी घेऊन निघाला.

खिंडीत पोचेपर्यंत ऊन वर आलं. अक्कानं मोळी कातळावर उतरवली आणि घाम पुसायला पदर पुढे घेतला. पदरावर पिवळं पीठ होतं. तिनं खांदा झटकला, तिथूनही पीठ उडालं. तिनं मोळीतलं एक लाकूड काढून कातळावर आपटलं, तर टोकाला मोहरीएवढं भोक पडलं आणि त्यातून ते ओळखीचं पीठ भुरभुरलं.

खाली दाजिबाची राई पसरली होती. एकही झाड पिवळं नव्हतं. तिच्या कडेला अंगणातला मांडव दिसत होता.

धाकलूनंही पीठ बघितलं. तो म्हणाला, "अक्का, नेऊ या तशीच. चुलाणात तर पडणार. जळून जाईल."

"आणि इथून खाली उतरेपर्यंत वाटेत एखादा उडाला तर? ऊन बघ किती तापलंय."

अक्का मनात हिशेब करू लागली. मोळी इथे टाकून दिली तरी किडे उडणारच. आणि जाळली तर आत्या लग्नघरी रिकाम्या हातानं जाणार, तेही गावभर हात आखडल्याची बोलणी खाऊन. दाजिबा तापट, आयुष्यभर बोलणार नाही. मग अक्कानं मोळीची दोरी सोडली आणि म्हणाली, "गवत दूर कर. इथेच पेटवू."

धाकलूनं कातळाभोवतीचं गवत कापून लांब नेलं आणि हिरवा डहाळा घेऊन राखणीला उभा राहिला. मोळी धडाडून पेटली. जाळ बसल्यावर खाली लालबुंद निखारे राहिले, आणि ते बघता बघता अक्काच्या डोक्यात उजेड पडला. हे अजून आपल्याच राईचं लाकूड आहे, अजून जळायचं बाकी आहे, फक्त त्यात जिवंत काही उरलेलं नाही. तिनं कळशीतलं पाणी ओतून निखारे विझवले. लाडू धाकलूच्या उपरण्यात बांधले आणि टोपलीत कोळसे भरले.

लग्नघरी आचारी चुलाणापाशी हात चोळत बसला होता. पाहुणे मांडवात पाणी पिऊन पिऊन कंटाळले होते. तेवढ्यात काळ्या हातांची, काळ्या कपाळाची अक्का टोपली डोक्यावर घेऊन फाटकातून आली. मंगल कार्यात कोळसा बघून बायकांनी तोंडाला पदर लावले. दाजिबाचा चेहरा लाल झाला.

"अक्का, माझ्या लेकीच्या लग्नात काळं घेऊन आलीस?"

"लाकूड घेऊन आले असते तर तुझ्या राईचं काळं झालं असतं," अक्का म्हणाली. तिनं एक कोळसा उचलून दोन्ही हातांनी मोडला आणि त्याच्यापुढे धरला. आत किड्यानं कोरलेली नळी होती आणि नळीत जळून कोळसा झालेला भुंगेरा होता. "ह्यानं माझी सत्तर झाडं घेतली, दाजिबा. तो माझ्याकडे मोळीतूनच आला. तुझ्याकडे तो माझ्या डोक्यावरून येणार नाही. बाकी तुला काय बोलायचं ते बोल."

दाजिबाला राग आवरत नव्हता आणि कोळशावरची नजरही हटत नव्हती. अशा वेळी मुंडावळ्या बांधलेली हौसा पुढे आली. आत्याच्या हातातली टोपली घेऊन तिनं ती स्वतः चुलाणात उपडी केली आणि आचाऱ्याला म्हणाली, "आत्याचं लाकूड पडलं. विस्तव घाला."

वाटेतल्या उन्हानं वाळलेला कोळसा धूर न करता पेटला. आचाऱ्याला तर तो लाकडाहून पसंत पडला.

पण अक्काचं काम संपलं नव्हतं. पाहुण्यांच्या मोळ्या दाजिबानं राईच्या कुंपणाला ओळीनं टेकवून ठेवल्या होत्या. अक्का एकेक मोळी उचलून तिथल्या दगडावर आपटत गेली. बहुतेक चांगल्या निघाल्या. तीन मोळ्यांतून मात्र पीठ सांडलं, आणि त्या तिन्ही अक्काच्याच गावच्या होत्या, ढिगातून ओढून नेलेल्या लाकडांच्या. आणणारे खाली मान घालून उभे राहिले. अक्कानं त्यांची नावं घेतली नाहीत.

दाजिबा ते सगळं बघत होता. त्याचा राग गेला कधी ते त्यालाही कळलं नाही. त्या तीन मोळ्या त्यानं स्वतः उचलून तिथल्या तिथे चुलाणात घातल्या. मग आचाऱ्याला बोलावून सांगितलं, की आज मांडवात आलेली एकूण एक काडी आजच्या आज जळली पाहिजे, उद्याला सरपण उरता कामा नये. इतका जाळ म्हटल्यावर त्यावर काहीतरी शिजवायला हवंच. आचाऱ्यानं बुंदीच्या दोन कढया जास्त चढवल्या. त्या लग्नातली बुंदी पाहुण्यांनी पोटभर खाल्ली, घरोघरी नेली, आणि तरी उरली.

पुढच्या दोन वर्षांत भुंगेरा त्या डोंगरात फिरला. ज्या गावांत मोळ्या जात राहिल्या आणि उरलेलं जळण कुंपणाला रचलं गेलं, तिथली रानं वाळली. अक्कानं आपली पडवीही रिकामी करून जाळली, आणि पुढची दोन वर्षं थंडीत प्रत्येक झाडाची साल तपासून जे किडकं निघेल ते तिथेच जाळलं. तिची अर्ध्याहून जास्त राई वाचली. दाजिबाच्या राईत एकही झाड गेलं नाही.

त्या मुलखात तेव्हापासून आत्या लग्नात कोळशाची टोपली आणते. हळदकुंकू त्या टोपलीला लावतात, आणि नवरी ती स्वतः चुलाणात उपडी करते. बाकीचे पाहुणे नारळ आणतात.

तिसऱ्या वर्षी पाऊस स्थिरावल्यावर दाजिबा खिंड उतरून बहिणीच्या दारात आला. त्याच्या डोक्यावर मोळी होती. अक्का ओसरीवरून ओरडणारच होती, की मोळी घेऊन यायचं नाही हे ठाऊक असून काय आणलंस. पण त्यानं ती खाली ठेवली तेव्हा तिला दिसलं, की ती शिवणीच्या रोपांची होती. त्याच्या राईत उगवलेली शंभर रोपं, मुळांना ओली माती लावून पानात गुंडाळलेली.

"साल बघून घे, अक्का," दाजिबा म्हणाला. "मी बघितलीय. तरी तूही बघ."

अक्का अंगणात बसली आणि तिनं प्रत्येक रोप हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं. संध्याकाळपर्यंत दाजिबाला तिनं पाणीही विचारलं नाही. शंभरावं रोप बघून झालं तेव्हा तिनं डोळे पुसले आणि धाकलूला कुदळ आणायला सांगितली.

तात्पर्य काय, तर देण्याची हौस असणाऱ्यानं देण्याआधी हातातली वस्तू उलटून बघावी. आणि आपल्याकडची कीड आपल्याच हद्दीत संपवणं, हीसुद्धा शेजाऱ्याला दिलेली भेटच असते.