हातातला कापूस

“पण तिचे हात पूर्वीसारखे होणार की नाही, एवढं तरी सांगा, माई.”

सोनामाई मठाच्या ओसरीवर वाती वळत होत्या. समोर घड्याळं दुरुस्त करणारा जनार्दन बसला होता. शेजारी त्याची सात वर्षांची रेणू.

रेणूचे कॅन्सरचे उपचार संपून आठ महिने झाले होते. आजार गेला होता, पण औषधांनी नसा दुखावल्या होत्या. ती गुडघे उंच उचलत चालायची. बटण बोटांतून निसटायचं. सोमवारपासून शाळा होती.

“डॉक्टर काय म्हणतात?”

“सुधारेल, पण सावकाश. तिचं तिला करू द्या म्हणतात.”

“मग?”

“किती वेळ लागतो, माई! मी केलं की क्षणात होतं. माझ्या हातून आजवर केसाएवढी स्प्रिंगसुद्धा दुमडलेली नाही.”

“अरे वा. मग हे धर.” माईंनी त्याच्या दोन्ही तळव्यांवर पिंजलेल्या कापसाचा एकेक पुंजका ठेवला. “मुठी मिट. दाबू मात्र नकोस.”

जनार्दनला हसू आलं. “एवढंच?”

माई रेणूकडे वळल्या. “विहिरीपाशी चाफा पडलाय. आणतेस?”

रेणू पायरीवर बसली. सँडलचा पट्टा बक्कलात घालू लागली. सुटला. पुन्हा घातला. सुटला…

“माई, मी जरा…” जनार्दन अर्धवट उठला.

“कापूस.”

तो खाली बसला.

“बाबा, बघू नका ना. तुम्ही बघता तेव्हा जास्तच सुटतं.”

त्यानं भिंतीकडे तोंड केलं…

बऱ्याच वेळानं एक बक्कल लागलं. मग दुसरं. रेणू उठली आणि विहिरीच्या वाटेला लागली.

“डावी सँडल उजव्या पायात घातलीय,” जनार्दन वळून म्हणाला.

“हो.”

“पडेल ती.”

माईंनी नवी वात वळायला घेतली.

रेणू फ्रॉकच्या ओच्यात फुलं घेऊन परत येताना दिसली. एक सांडलं. ती वाकली, अडखळली, सावरली.

“मला काहीच कळलं नाही,” जनार्दन म्हणाला. “तिला शाळेत पाठवू की नको?”

“मुठी उघड.”

त्यानं उघडल्या. घामानं भिजलेल्या दोन घट्ट गोळ्या.



“मी दाबलं नव्हतं, माई…”

“सोमवारी तिला शाळेत सोड. आणि तू इथे ये.”

“मी? कशाला?”

“कापूस धरायला.”