हैबतीची दोरी

एका गावात हैबती नावाचा गुरांचा वैद्य राहायचा. जुवाखाली बैलाचा खांदा सुजला की लोक त्याच्याकडे यायचे. ओढ्याकाठचा एक पाला वाटून तो सुजेवर लिंपायचा आणि बजावायचा, "पाच दिवस जू ठेवू नका." पाचव्या दिवशी सूज उतरायची. लोक त्या पाल्याला हैबतीचा पाला म्हणू लागले. हैबतीला ते ऐकायला फार गोड वाटायचं. कोणाला वाटणार नाही?

एकदा राजाचा कारभारी दारात आला. गडावर दगड चढवायचे होते, दोनशे बैल जुंपायचे होते.

"बैल थांबवायला सवड नाही," कारभारी म्हणाला. "खांदे सुजले की तुझा पाला लावू आणि गाड्या हाकत राहू. दहा दिवसांनी निघतोय. पाला खात्रीचा ना?"

"खात्रीचा," हैबती म्हणाला.

बोलून तर गेला, पण कारभाऱ्याची पाठ वळताच त्याला खरी गोष्ट आठवली. नुसत्या पाल्यानं, विसाव्याशिवाय, उतरलेली सूज त्यानं जन्मात पाहिली नव्हती. पाला कुचकामी निघाला तर दोनशे मुक्या जिवांचे खांदे फाटणार होते.

त्याच्या स्वतःच्या जोडीचे खांदे तेव्हा सारखेच सुजलेले होते. त्यानं दोघांना गोठ्यात बांधून ठेवलं. तांबड्याला पाला लावला, चांद्याला नुसता चिखल. रोज सकाळी सुजेवर दोरी धरून तो माप घ्यायचा. तिसऱ्या दिवशी तांबड्याचं माप चांगलं दोन बोटं कमी भरलं. हैबतीचा जीव भांड्यात पडला.

त्याची बायको तानूबाई शेण काढत होती. ती म्हणाली, "अहो, तांबड्याला दोरी आवळून धरता आणि चांद्याला सैल सोडता."

हैबती चिडला. मग त्यानं आपल्या हाताकडे पाहिलं. दोरी ओढून ओढून बोटावर वळ उठला होता. आपण लबाडी करतोय हे त्याचं त्यालाही कळलं नव्हतं, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

त्यानं दोन्ही खांद्यांवर वरून सारखा चिखल फासला आणि शेजारच्या कोंडिबाला हाक मारली. पाला कोणाला लावलाय ते काही सांगितलं नाही. "आजपासून तू मोज," एवढंच म्हणाला आणि दोरी त्याच्या हातात दिली. कोंडिबा मोजत असताना हैबती दाराशी उभा राहून नखं खात होता.

पाचव्या दिवशी दोघांची सूज उतरली. दोघांचं माप एकच भरलं. गुण पाल्याचा नव्हता, विसाव्याचा होता.

हैबती कारभाऱ्यापुढे गेला. "मी चुकीचं बोललो. माझ्या पाल्यात काही नाही. बैलांना विसावा द्या."

"मग तुला वैद्य कशाला म्हणायचं?" कारभारी गरजला.

"म्हणू नका. पण विसावा द्या."

ज्याचं नाव जाणार तोच हे सांगतोय, हे कारभाऱ्याच्या ध्यानात आलं. मग त्यानं आणखी दोनशे बैल मागवले आणि पाळीपाळीनं जुंपले. गड बांधून झाला, एकाही बैलाचा खांदा फाटला नाही.

त्यानंतर हैबतीच्या पाल्याचं नाव कोणी काढलं नाही. मात्र कोणी नवं औषध घेऊन गावात आला की लोक त्याला म्हणायचे, "आधी हैबतीकडे जा. त्याच्या दोरीनं मोजून घे."

तात्पर्य: जे खरं निघावं असं आपल्याला फार वाटतं, ते मोजताना आधी आपलाच हात तपासावा.