चिटुकलीचा गोळा पांढरा झाला

एक होती उंदरी. केवढी? तुझ्या नाकाएवढी! नाव तिचं चिटुकली.

दगडूकाकांची गाडी आली. टिंग टिंग! "गारेगाऽऽर!"

चिटुकलीने घेतला बर्फाचा गोळा. लाल लाल. चोखला, सुर्र सुर्र. अन् काय? रंग पोटात, गोळा पांढरा!

"काका काका, रंग घाला."

काका म्हणाले, "घालतो की! गोळा पांढरा झाला की पुन्हा रंग. रीतच आहे. पण पाकानं बाटलीचं झाकण चिकटलंय. मुंग्यांनी चाटलं, तर निघेल."

तुरुतुरु तुरुतुरु. चिटुकली गेली मुंग्यांच्या बिळाशी.

"मुंग्यांनो मुंग्यांनो, झाकण चाटा. झाकण निघेना, रंग मिळेना. गोळा वितळतो, टप टप टप!"

मुंग्या आतून म्हणाल्या, "येऊ कशा? दारात म्हैस बसलीय. ती उठली, तर येऊ."

"म्हशीबाई म्हशीबाई, उठा ना. मुंग्या येईनात, झाकण निघेना, रंग मिळेना. गोळा वितळतो, टप टप टप!"

म्हैस म्हणाली, "ऊंऽऽ! पाठ खाजतेय. कावळ्यानं खाजवली, तर उठेन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"कावळेदादा कावळेदादा, पाठ खाजवा. म्हैस उठेना, मुंग्या येईनात, झाकण निघेना, रंग मिळेना. गोळा वितळतो, टप टप टप!"

"काव! घसा सुकलाय. सखाआजोबांनी हापसा मारला, तर पाणी पिईन. मग खाजवीन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"आजोबा आजोबा, हापसा मारा. पाणी येईना, कावळा खाजवेना, म्हैस उठेना, मुंग्या येईनात, झाकण निघेना, रंग मिळेना. गोळा वितळतो, टप टप टप!"

आजोबांना चेष्टेची भारी खोड. म्हणाले, "काय वितळतं? खारेखार?"

"नाही हो, गारेगार!"

"मारेमार?"

"गा-रे-गार!"

"मग गाणं म्हण. तर मारीन हापसा."

गोळा उरला वाटाण्याएवढा. चिटुकलीच्या डोळ्यांत पाणी. तरी म्हणाली,

"गारेगार, गारेगार,
एक चोखा, मागा चार!
नाक गार, कान गार,
शेपटीसुद्धा गारेगार!"

आजोबा हसले, खो खो खो! दात एक नाही.

हापसा मारला, खटक् खटक्. पाणी आलं, भळभळ. कावळा प्यायला, गटगट. पाठ खाजवली, खरखर. म्हैस उठली, हुश्श! मुंग्या आल्या, लुटुलुटु. झाकण चाटलं, लपलप. झाकण निघालं, टॉक्!

काकांनी बाटली वाकडी केली. अन् गोळा? गोळाच नाही. नुसती काडी!

"अगं रडतेस काय वेडाबाई? रंग आहे, तर बर्फ हवाच की!"

खर्र खर्र, खर्र खर्र. नवा गोळा! चिटुकलीहून मोठा. वर रंग, धो धो!

सुर्र सुर्र. मिशा लाल. शेपटी लाल. चिटुकलीची जीभ लाल.

अन् तुझी? दाखव बघू!