बुवांनी दिलेली ग्वाही

"पण बुवा, तुम्ही त्यांना नेमकं सांगितलंत तरी काय?"

प्रभंजन सोवनी धापा टाकत मठाच्या पायऱ्या चढून आला होता आणि नमस्कार करायचं विसरला होता. बारा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

अच्युतबुवा ओसरीवर शेंगा सोलत होते. म्हणाले, काल एका मुलीचा फोन आला होता, तुझी चौकशी करत होती. बोलायला गोड होती.

ती मुलगी एका स्टार्टअपमधली. निवडलेली मेथी दहा मिनिटांत घरपोच करून जग बदलायचं, असा त्या कंपनीचा संकल्प होता. प्रभंजनच्या तिथे पाच मुलाखती झाल्या. सव्वीस वर्षांच्या मालकाने चव्वेचाळीस वर्षांच्या प्रभंजनला विचारलं, तू प्राणी असतास तर कोणता असतास? प्रभंजनने तेही हसून गोड मानून घेतलं. अकरा महिने तो घरी होता. नोकरीचं काय झालं, हे विचारायचं आधी शेजाऱ्यांनी सोडलं, मग सासूबाईंनी, आणि गेल्या आठवड्यात बायकोने.

शेवटी कंपनीने त्याला जवळून ओळखणाऱ्या एका माणसाचं नाव मागितलं. त्याने ऐटीत बुवांचं दिलं. बारा वर्षं साधना केलेला उमेदवार त्यांना दुसरा कुठे मिळणार होता?

आज सकाळी नकार आला.

"काय विचारलं तिने?"

"याला पुढे काय काय मिळवायचं आहे, असं."

"मग?"

"म्हटलं, काही नाही. तो त्यातून सुटलाय."

प्रभंजन त्यांच्यासमोर बसला.

"असं कसं सांगितलंत, बुवा?"

"दर गुरुवारी तूच सांगतोस."

...

मठात बोलायचं वेगळं आणि कंपनीत वेगळं, हे त्याने समजावून पाहिलं. मग बाकीच्या कंपन्यांनी वय बघूनच अर्ज बाजूला टाकल्याचं सांगितलं. ही एकच उरली होती, हेही सांगितलं.

"म्हणजे खोटी ग्वाही दिली मी," बुवा म्हणाले. त्यांनी टरफलं बाजूला सारली आणि हात पुढे केला. "लाव फोन. चुकलो म्हणून सांगतो."

प्रभंजनने तत्काळ नंबर लावला. फोन बुवांकडे द्यायचंही त्याला सुचलं नाही. तो कानाशी धरून बसला.

घंटी वाजत होती...

एरवी ध्यानाला बसला की त्याचा गुडघा दुखे, पाठीला खाज येई, दोन मिनिटांत डोळे उघडत. आता पापणी हलत नव्हती. ओठावर माशी बसली, फिरली, उडाली. श्वास चाललाय की नाही, तेही कळत नव्हतं. जगात ती घंटी तेवढी उरली होती.

वाजून वाजून ती थांबली. कुणी उचलला नाही. त्याने पुन्हा लावला.

बुवांनी पुढे केलेला हात हळूच मागे घेतला.

"बारा वर्षं मी तुला एवढंच शिकवत होतो."